पाव इंच मोठी पाकळी

"अस्तर? अगं, अस्तर म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! अर्ध्या तासात लावून ठेवतो. तू निर्धास्त जा!"

टेलरमास्तर असं म्हणाले, तेव्हाच खरं तर त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, घरी थांबायला हवं होतं. पण त्यांना पर्सच्या बंदासाठी पितळी कड्या आणायच्या होत्या. पाच वाजता पर्सच्या दुकानाची मालकीणबाई नमुना बघायला येणार होती. पसंत पडला तर सहा पर्सची ऑर्डर! काकूंच्या आयुष्यातली, स्वतःच्या हातच्या कामाची पहिली ऑर्डर. घरातलं सगळं उरकून, डोळे चुरचुरेपर्यंत बावीस दिवस त्या ही पर्स विणत होत्या.

आणि काय पर्स होती म्हणून सांगू, मंडळी! मधोमध पिवळाधमक गोल, भोवती आठ गुलाबी पाकळ्या; पुढून फूल, मागूनही फूल. सगळं क्रोशाच्या एका आकडेदार सुईनं! मास्तर पंचवीस वर्षं शिवणकाम करत होते, पण त्यांच्या हातात कापड आयतं यायचं. इथं बाईनं नुसत्या दोऱ्यातून फूल उभं केलं होतं! मास्तरांचा ऊर भरून यायचा. तोंडानं मात्र ते एवढंच म्हणायचे, "बरं झालंय."

काकू गेल्या. मास्तरांनी ऐटीत अस्तर बेतलं, कापलं. मग पर्स टेबलावर पसरली, चष्मा पुढे सरकवला आणि ते थबकले. एक पाकळी मोठी दिसत होती! टेप लावला. चांगली पाव इंच मोठी!

आता पाव इंच म्हणजे तुम्हाआम्हाला काहीच नाही. पण शिंप्याला? डोळ्यात कुसळ गेल्यासारखं झालं त्यांना.

"बिचारीच्या नजरेतून सुटलं असेल," मास्तर मायेनं पुटपुटले. "त्या मालकीणबाईच्या नजरेला आलं म्हणजे? आपण कशाला आहोत मग!"

आणि उचलली कात्री. कचकच!

कापड कापलं की काठ दुमडून शिवता येतो. विणकामाचा कारभार वेगळा असतो, हे मास्तरांना कोण सांगणार? कापलेल्या काठातून एकेक टाका डोकं वर काढून बघायला लागला. एक दोरा लोंबत होता. लोंबता दोरा दिसला की ओढायचा, ही जन्माची सवय. मास्तरांनी ओढला. सुर्रर्र! दोरा आपला येतोय, येतोय, येतोच आहे! शेवटची ओळ सगळ्या पाकळ्यांभोवती सलग फिरलेली होती हो! एका पाकळीला कात्री लावली आणि आठही पाकळ्यांची किनार मास्तरांच्या मुठीत आली.

घाबरून त्यांनी उसवलेला काठ मशीनखाली घातला. मशीननं अर्धी पाकळी गिळली आणि सुई मोडून घेतली.

"मास्तर, पँट झाली का?" दारात वर्दीतला हवालदार उभा! त्यानं कंबर सैल करायला पँट टाकली होती.

मास्तरांनी चक्क हात जोडले. "साहेब, आज पँटचं नाव काढू नका. मी मेलो!"

हवालदारानं आत येऊन पर्स बघितली. मग मान बाहेर काढून रस्ता बघितला आणि आवाज खाली आणला. "मागं पाय मोडून तीन महिने घरी पडलो होतो. तेव्हा बायकोनं क्रोशे शिकवलं. चौकीत बोलायचं नाही हं! आणा ती क्रोशाची सुई इकडे."

तो मास्तरांना खेटून बाकावर बसला आणि मशीनच्या दाताखालची पाकळी सुईनं हलकेच सोडवायला लागला.

समोरच्या इस्त्रीवालीनं हे पाहिलं. मास्तर घामाघूम, हात जोडलेले. शेजारी हवालदार, त्याच्या हातात काहीतरी टोकदार! ती किराणावाल्याला म्हणाली, "मास्तरांकडे पोलीस आलेत!" किराणावाला पुढच्याला म्हणाला, "मास्तरांना पकडलं!" ही बातमी कड्यांच्या दुकानात काकूंच्या कानावर पडली, तोवर मास्तरांनी कुणावर तरी कात्रीनं वार केलेला होता!

काकू धापा टाकत आल्या. "साहेब, सोडा हो त्यांना! माशी मारायची म्हटली तरी हात थरथरतो ह्यांचा! कुणाला मारलंय ह्यांनी?"

मास्तरांनी खाली मान घातली. "पाकळी कापली."

"काय कापली?"

"पाव इंच मोठी होती गं... सारखी केली."

काकूंनी टेबलाकडे पाहिलं. पुन्हा मास्तरांकडे पाहिलं. मग त्या हवालदाराकडे वळल्या.

"साहेब, घेऊन जा ह्यांना!"

"अगं पण..."

"मुद्दाम मोठी केली होती मी ती! उलटून चेनवर येते, चेन झाकायला!" काकू रडकुंडीला आल्या. "बावीस दिवस हो... बावीस दिवस!"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घड्याळात साडेतीन वाजले होते. काकूंनी पदरानं डोळे पुसले, हात धुतले आणि बैठक मारली. कापलेली पाकळी सगळी उसवून त्यांनी नव्या दोऱ्यानं धरली. बाकीच्या पाकळ्यांची सुटलेली किनार हवालदाराकडे दिली. मास्तरांना दोऱ्याचा गुंडा धरून बसवलं.

मग मास्तरांनी जे पाहिलं, ते इतक्या वर्षांत त्यांनी कधी बसून पाहिलंच नव्हतं. सुई आत, दोरा वर, फासा बाहेर. ना खडूची खूण, ना टेप, ना कागदाचा बेत. सगळं माप त्या बोटांत! बघता बघता पाकळी रुंदावली, टोकाशी निमुळती झाली आणि अगदी ठरल्या जागी वळली. मास्तर बघतच राहिले. आपल्याला सहा जन्म मिळाले तरी हे जमायचं नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

"अगं, किती सुंदर करतेस गं तू!" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"आत्ता दिसलं? दोरा ताणू नका."

पाचाला दहा कमी असताना काकूंनी आणलेल्या कड्या बंदाला अडकवल्या आणि मास्तरांनी अस्तर लावलं, श्वास रोखून. पाच वाजता मालकीणबाई आली. हवालदाराच्या हातातली सुई बघून उंबऱ्यातच दचकली, पण पर्स हातात घेतली आणि बाकी सगळं विसरली. पाकळी उलटली, चेन उघडली, मिटली, टाके नखानं खरवडून पाहिले.

"सहा नकोत," ती म्हणाली. काकूंचा चेहरा उतरला. "दहा द्या. पण इतकं एकटीला झेपेल?"

"साहेबांना सुट्टीला बोलवीन की," काकू म्हणाल्या. "हात सरळ आहे त्यांचा."

हवालदार लाजला.

"आणि मी?" मास्तरांनी चाचरत विचारलं.

"तुम्ही अस्तर लावा. कात्री मात्र माझ्या ताब्यात राहील!"

पंचवीस वर्षांचा मुरलेला शिंपी, पण आता गिऱ्हाईकाचं कापड बेतून झालं की मास्तर आतल्या खोलीकडे तोंड करून हळूच म्हणतात, "अगं, जरा कात्री देतेस का?"

आतून आवाज येतो, "काय कापायचंय, ते आधी आणून दाखवा!"

आणि मास्तर गुपचूप नेऊन दाखवतात.