थावराभाऊंचा बिनमालकाचा तांडा

आमच्या आखाडा बाळापुरात एक माणूस रोज दुपारी बारा वाजले की साऱ्या जगाला विचारतो, "जेवलात का?" आणि जग त्याला उत्तर देतं. विचारण्याबद्दल माझी तक्रार नाही. उत्तरं येतात, त्यानं माझं डोकं फिरतं.

हे थावराभाऊ. माझं कृषी सेवा केंद्र आणि त्यांचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान, मध्ये एक भिंत. वय साठीच्या पुढे, राहणं जवळच्या तांड्यावर. पंप कसाही बिघडलेला असो, आधी त्याला कानाशी लावून हलवणार, मग म्हणणार, "बिमार न्हाई, रुसलाय नुसता." आणि तासाभरात पंप चालू.

त्यांचा जावई हैदराबादला कॉम्प्युटरच्या कामात आहे. त्यानं दुकानात डब्याएवढी एक मशीन बसवून दिली आणि भाऊंच्या फोनात काहीतरी घालून दिलं. आपण सगळे जिथं वाढदिवसाचे फोटो टाकतो, तसलंच काहीतरी, पण कुण्या एका कंपनीचं नसलेलं. मी विचारलं, मग चालवतं कोण?

"तांडे असतात तसं हाय," भाऊ म्हणाले. "हरेक तांड्याला आपला नाईक, आपला कायदा. पर सोयरीक सगळीकडं. एखादा नाईक बिघडला तर बिऱ्हाड उचलायचं, दुसऱ्या तांड्यावर जायचं. मालक कोणीच न्हाई."

"आणि तुमच्या तांड्याचा नाईक?"

"मी," असं म्हणून त्यांनी मिशीवरून हात फिरवला. त्या मशीनवर त्यांचा स्वतःचा तांडा होता म्हणे.

भाऊ मराठीतच लिहितात. समोरचे लोक बटण दाबून आपापल्या भाषेत वाचतात. जर्मनीतल्या एका मास्तरणीनं कळवलं, इथं सकाळ आहे, ब्रेड खाल्ला. भाऊंना दिवसभर चैन नाही. "नुसता बिरेड खाऊन लेकरायला शिकवायला गेली ती." ब्राझीलमधला एक रातपाळीचा ड्रायव्हर म्हणाला, अजून उपाशीच आहे. तर संध्याकाळी दुकान बंद करता करता यांनी त्याला पुन्हा गाठलं. त्यानं ताटाचा फोटो पाठवला तेव्हा कुठे शटर खाली आलं.

आता माझं ऐका. मीही लोकांना निरोप पाठवतो, पण पैसे मोजून. हिंगोलीचा एक एजंट आहे, तो एकदम सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज सोडतो. मजकूर आधी मंजूर करून घ्यायचा, मग दर मेसेजचे पैसे. त्यात मराठी अक्षरं जागा जास्त खातात, म्हणून जरा लांबलं की एकाचे दोन मेसेज धरतात. पहिल्या साली मी 'आदरणीय शेतकरी बंधूंनो' असं थाटात लिहायचो. बिल बघून 'आदरणीय' काढलं. पुढच्या साली 'बंधूंनो' गेलं. आता नुसतं 'हळद बेणे आले' असं भांडल्यासारखं लिहितो. एवढं करून एकाचंही उत्तर नाही. एका जुन्या गिऱ्हाइकाला विचारलं, मेसेज मिळाला का? तो म्हणाला, "तुमचा व्हता व्हय? मला वाटलं बँकेचा हाय. न वाचताच पुसला."

आणि भिंतीपलीकडे हा माणूस फुकटात जपानपर्यंत जेवणं विचारून राहिला. माझ्या अंगाचा तिळपापड होणार नाही तर काय?

शेवटी लाज सोडून म्हणालो, "भाऊ, तुमच्या त्या लोकांत आपल्या दुकानाचंही टाका की दोन ओळी."

भाऊंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांची चप्पल मागितली. "पंगतीत बसून दुकान मांडतं का कोणी?" म्हणाले, आणि पुन्हा फोनात डोकं घातलं.

सरळ सांगतो, माझी जळजळ धंद्याची नव्हतीच. हा माणूस दहा-बारा वर्षं रोज दुपारी माझ्या काउंटरवर यायचा. कटिंग चहा, अर्धा तास गप्पा, सगळ्या गावाची उणीदुणी. आता चहा आला तरी भिंतीपलीकडूनच ओरडायचे, "पाठवून दे इकडंच." तिकडे एकटेच फोन बघून हसायचे. माझा माणूस त्या मास्तरणीनं नेला होता, त्या ड्रायव्हरनं नेला होता. मीही मग चहा पाठवणं बंद केलं. बघू, जपान चहा पाजतं का.

परवा संध्याकाळी लाइट गेली. मी घरी जायला, हिंगोलीच्या गाडीसाठी शटर ओढतच होतो, तेवढ्यात भाऊंची हाक आली, "गजू, पळत ये." गेलो. ती मशीन बंद पडेल म्हणून त्यांनी फवारणी पंपाची बॅटरी काढून तिला जोडली होती. वायर टिकत नव्हती. "दाबून धर," म्हणाले. मी फुगलेल्या तोंडानं वायर धरली.

समोर ठेवलेल्या त्यांच्या फोनवर त्यांच्या तांड्यातल्या माणसांची नावं होती. मला वाटलं, शे-दोनशे तरी असतील. नावं दोनच. वर थावरा. खाली गजानन, शेजारी माझ्या दुकानाच्या पाटीचा फोटो.

"बाकीचे कुठंयत?"

"ते दुसऱ्या तांड्यावरचे. पाव्हणे."

"आणि हे माझं कधी केलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मला सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं की. तू गिऱ्हाइकात व्हतास. म्हणलास, फुकटच्या गोष्टीत वेळ घालवू नका."

भाऊंनी बॅटरीची दुसरी वायर घट्ट पिळली. मग हळूच म्हणाले, "दिवाळी झाली की तांड्यावरचे सगळे ऊसतोडीला जातात. पोरगं, सून, भाऊबंद, सगळे. तू सहाच्या गाडीनं हिंगोलीला. जावयाला म्हणलं, संध्याकाळचं गजूसंगं बोलता येईल असं काहीतरी करून दे. तुझ्यासाठीच बांधला हा तांडा. तू आलाच न्हाईस. मग येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत बसलो."

बाहेर माझ्या गाडीचा हॉर्न वाजला. कंडक्टर ओळखीचा आहे, माझ्यासाठी जरा थांबतो.

"जा, गाडी चुकंल," भाऊ म्हणाले.

"मी वायर धरलीय," मी म्हणालो.