अनधिकृत सुस्थितीतला पूल

सोमवारी सकाळी सात ते सव्वाअकरा या वेळेत तीन निवृत्त फौजी आणि रजेवर आलेली एक लष्करी परिचारिका अशा चौघांनी संगनमताने नाल्यावरचा लाकडी पूल दुरुस्त केला. गुन्ह्याचा हेतू चौकशीत पुढे उघड झाला: लोकांना पलीकडे जाता यावे.

म्होरक्या अर्थातच सुभेदार. अठ्ठावीस वर्षे त्यांनी फौजेत पूलच बांधले होते. वसाहत आणि दवाखाना यांच्या मधला हा बारा पावलांचा पूल अडीच वर्षांपासून मोडला होता. त्या काळात पालिकेच्या कार्यालयाने अगदीच काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. चार वेळा पाहणी झाली होती, आणि ‘पूल धोकादायक आहे’ हा फलक एकदा बदलला होता. कारण जुना फलक पडून एकाच्या पायावर आला होता.

सुभेदारांच्या थोरल्या बहिणीच्या, आक्कांच्या पायाची जखम मधुमेहामुळे भरत नव्हती. एक दिवसाआड पट्टी बदलायला दवाखान्यात जायचे, तर हमरस्त्याने दोन किलोमीटरचा वळसा. आक्कांची मुलगी, म्हणजे तीच परिचारिका, दहा दिवसांच्या रजेवर आली आणि आईचा पाय पाहून म्हणाली, “मामा, इतकी वर्षं तुम्ही पूल बांधलेत ते काय फक्त परक्या मुलखातच?”

सुभेदारांना हे फार लागले. त्यांनी पलटणीतला जुना ड्रायव्हर आणि आचारी अशा दोघांना बोलावले. सहा फळ्या, दोन तुळया आणि एक कठडा. सव्वाअकराला आक्का काठी टेकत पलीकडे गेल्या आणि वळून म्हणाल्या, “अगोबाई, एवढंच होतं होय?”

बुधवारी नोटीस आली. विषय: सार्वजनिक मालमत्तेची अनधिकृत सुस्थिती.

सुभेदार कडक इस्त्रीचे कपडे घालून कार्यालयात हजर झाले. हेडक्लार्कने फाइल उघडली.

“पूल मोडका आहे, अशी आमच्याकडे नोंद आहे.”

“होता. आता नाही.”

“नोंद आहे म्हणजे आहे. तुम्ही काय केलंय, कळतंय का? चांगली चाललेली नोंद खोटी पाडलीत!”

“मग नोंद बदला.”

“पूल बदलणं सोपं असतं हो, नोंद बदलणं नाही.” हेडक्लार्क माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून त्याने वाट दाखवली. “असं करा, रीतसर स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा. मग तुम्ही केलेलं काम आपण तुम्हाला करायला देऊ.”

नोंदणीच्या अर्जात ‘सेवेचा पूर्वानुभव’ असा रकाना होता.

“अठ्ठावीस वर्षं,” सुभेदार म्हणाले.

“पगार घेत होता?”

“हो.”

“मग ती नोकरी झाली. सेवा शून्य.” हेडक्लार्कने रकान्यात सुबक अक्षरात शून्य काढले. शून्य अनुभव असलेल्यांना तीन दिवसांचे प्रशिक्षण सक्तीचे होते.

प्रशिक्षक टाय घातलेला, उत्साही गृहस्थ होता. पहिल्या दिवशी त्याने चौघांना गोल उभे करून एकमेकांकडे चेंडू टाकायला लावला; त्यातून संघभावना येते, असे तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी फावड्याची ओळख करून दिली. “शिस्त म्हणजे काय, हे तुम्हाला हळूहळू समजेल,” असा धीरही दिला. आचाऱ्यांनी दोन लढायांत, डोक्यावरून तोफगोळे जात असताना, दोनशे माणसांना वेळेवर जेवू घातले होते. ‘दडपणाखाली काम’ या विषयात ते काठावर पास झाले. परिचारिकेची रजा तीन दिवसांनी घटली. त्याचे गुण वेगळे नव्हते.

प्रमाणपत्रे घेऊन सुभेदार पुन्हा कार्यालयात गेले.

“उत्तम,” हेडक्लार्क म्हणाला. “आता कामापूर्वीची पाहणी. पाहणीच्या वेळी पूल अर्जात लिहिल्याप्रमाणे पाहिजे.”

“म्हणजे?”

“मोडका.”

सुभेदार शांतपणे म्हणाले, “साहेब, पूल उडवायचं कामही केलंय मी. पण त्याला पलीकडे शत्रू लागतो. पलीकडे दवाखाना आहे.”

“तुमच्या भावना मी नोंदवून घेतो,” हेडक्लार्क म्हणाला, आणि त्याने खरोखरच नोंदवून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कार्यालयाचे पथक आले. दुरुस्तीला निविदा लागते. मोडण्याला लागत नाही, ते तातडीच्या कामात बसते. अडीच वर्षांत जे झाले नव्हते ते चाळीस मिनिटांत झाले. फळ्या निघाल्या तेव्हा आक्का पलीकडे होत्या. नव्या पट्टीसह त्या नाल्यापाशी परत आल्या, समोर आपले घर दिसत होते आणि मधे काहीच नव्हते. दोन किलोमीटर चालून त्या घरी पोचल्या तेव्हा पट्टी लाल झाली होती. मुलीने गुडघ्यावर बसून पुन्हा जखम धुतली. सुभेदार दारात उभे होते. सैन्यात कधी खाली न गेलेली त्यांची मान खाली होती.

तेवढ्यात वसाहतीतली मंडळी आली. चांगली पंधरावीस.

“सुभेदार, तुमच्या पुलाचं काय झालं?” शिक्षिकाबाईंनी विचारले.

“माझ्या?”

“मग कोणाचा? सवय लावलीत आणि आता हे! माझी रोज अर्ध्या तासाची पायपीट झाली.”

“तक्रार करायची तर तुमचं ऑफिस किती ते किती उघडं असतं?” दुकानदाराने विचारले. अडीच वर्षे जो पूल कोणाचाच नव्हता, तो आठवडाभर चालल्यामुळे सुभेदारांचा झाला होता.

“ऑफिस नाही. पूल आता अर्जाप्रमाणे मोडका आहे, म्हणून उद्या सकाळी सात वाजता परवानगी मिळणार आहे,” सुभेदार म्हणाले. “अट एकच. इथल्या पाच रहिवाशांनी जागेवर येऊन साक्षीदार म्हणून सही करायची. पाच मिनिटांचं काम. येणार ना?”

“हे काय विचारणं झालं!” सगळे एकसुरात म्हणाले. वसाहतीच्या फोनवरच्या गटात त्या संध्याकाळी चारशे बारा जणांनी फौजींना सलाम ठोकला. त्यातल्या साठ जणांच्या डोळ्यांत पाणी आले, असे त्यांनी स्वतःच कळवले.

सकाळी सात वाजता हेडक्लार्क नोंदवही घेऊन नाल्यापाशी आला. सव्वासात झाले. साडेसात झाले. आक्का तेवढ्या काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, “आण रे ती वही, करते सही.”

“तुम्ही अर्जदाराच्या बहीण. तुम्हाला पुलाची गरज आहे, म्हणजे तुमचा हितसंबंध आला,” हेडक्लार्क म्हणाला. “ज्याला गरज नाही असा माणूस पाहिजे.” आठला त्याने वही मिटली. “परवानगी रद्द. वाईट वाटतं हो.”

भाचीची रजा त्याच संध्याकाळी संपत होती. तिने मामांकडे पाहिले. सुभेदारांनी घड्याळ काढून खिशात टाकले, बाह्या वर केल्या आणि म्हणाले, “फळ्या उचला.”

“अहो, हा गुन्हा आहे! मला पंचनामा करावा लागेल,” हेडक्लार्क कळवळून ओरडला.

“करा की. तुम्ही तुमचं काम करा, आम्ही आमचं.”

हातोडे वाजू लागले आणि वसाहतीतली एकेक खिडकी उघडली. गॅलऱ्या भरल्या. शिक्षिकाबाई दिसल्या, दुकानदार दिसला. अकरा वाजता शेवटचा खिळा बसला, आक्का पलीकडे गेल्या, आणि वरून टाळ्यांचा कडकडाट झाला.

हेडक्लार्कने वर पाहून विचारले, “हे काम यांनी केलं, हे डोळ्यांनी पाहिलेले दोन साक्षीदार पाहिजेत. कोणी पाहिलं?”

टाळ्या थांबल्या. एकामागून एक खिडक्या मिटल्या. साक्षीदारांअभावी परवानगी मिळाली नव्हती, साक्षीदारांअभावीच गुन्हाही नोंदवता आला नाही. हेडक्लार्कने वहीत लिहिले: ‘पूल सुस्थितीत आढळला. कारण अज्ञात.’ मग इकडेतिकडे पाहत, त्याच पुलावरून, तो जवळच्या वाटेने घरी गेला.

चित्रफीत मात्र प्रत्येक खिडकीतून काढलेली आहे. मागे देशभक्तीचे संगीत जोडले आहे. तुमच्याकडेही आली असेलच. तुम्हीही दोन सलाम टाकून पुढे पाठवलीत ना? छान केलेत. तुमच्या घराजवळच्या पुलाची पाहणी कधी आहे म्हणालात?