उत्तेजनार्थाला शोभेल असे

प्रमुख पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचे असल्यामुळे आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धेचा बक्षीस समारंभ पहिल्याच दिवशी सकाळी उरकण्यात आला, आणि इरावती खांबेटे यांना एकही सूर न वाजवता उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले.

पाहुण्यांना ताटकळत ठेवणे शिरवडे गावाच्या रीतीत बसत नाही. सतरा देशांतून आलेले स्पर्धक थांबू शकतात. पाहुण्यांनी विजेत्यांची यादी मागितली तेव्हा ती तयार नव्हती, म्हणून स्पर्धेचे कार्यवाह पेंढरकर यांनी ती व्यासपीठावरच तयार केली. पहिले बक्षीस पोलंडच्या टोमाशला गेले, कारण तो पुढच्या रांगेत बसला होता. गावातल्याही कुणाला काहीतरी द्यावे, म्हणून शेवटी इरावतीचे नाव घातले.

बक्षिसेच आधी झाल्यावर बाकीचा क्रम तरी सरळ कसा ठेवणार? त्याच संध्याकाळी अंतिम फेरी, दुसऱ्या दिवशी उपांत्य, तिसऱ्या दिवशी पहिली आणि चौथ्या दिवशी चार वाजेपर्यंत प्रवेश अर्ज, असे पत्रक तीन भाषांत निघाले. टोमाशने ते वाचून मान डोलावली आणि न जेवताच सरावाला पळाला. त्याला आता पहिल्या बक्षिसाला शोभेल असे वाजवणे भाग होते.

इरावतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षे शेजाऱ्यांची बोलणी खाऊन तिने या एका संध्याकाळची तयारी केली होती. ती शाल-श्रीफळासकट कार्यालयात गेली.

"मी अजून काही वाजवलेलंच नाही, पेंढरकर. उत्तेजन कशाचं देताय?"

"वाजवावं म्हणूनच देतात ना, ताई."

"आणि मी सगळ्यांत चांगलं वाजवलं तर?"

पेंढरकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस दुष्ट नव्हता, पण इरावतीला त्या क्षणी तो चष्मा खिडकीबाहेर भिरकावून द्यावासा वाटला.

"तसं नका करू. पाहुण्यांचा फोटो पेपरात गेलाय, ते तोंडघशी पडतील. तुम्ही आपलं उत्तेजनार्थाला शोभेल असं वाजवा. परीक्षकांनी अडखळायच्या जागा काढून दिल्यात." ती वाद्यवृंदासोबत वाजवणार होती त्याच कॉन्चेर्टोच्या स्वरलिपीची प्रत त्यांनी पुढे सरकवली. तीत लाल पेन्सिलीने तीन खुणा होत्या.

"ही तिसरी जागा बसवायला मला दोन वर्षं लागली!"

"म्हणूनच निवडली. तिथे चुकलात तर कुणाला संशय येणार नाही."

संध्याकाळी इरावती वाद्यवृंदासोबत बसली आणि एकाही खुणेवर अडखळली नाही. तिसरी जागा तर अशी वाजली की तिचे तिलाच भरून आले. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. मग हे वादन उत्तेजनार्थ असल्याचे त्यांच्या लक्षात आले आणि ते खाली बसले.

सकाळी कारणे दाखवा नोटीस आली. 'प्राप्त बक्षिसापेक्षा सरस वादन का केले, याचा चोवीस तासांत लेखी खुलासा करावा.' इरावतीने खाली लिहिले, 'येतं म्हणून.' समितीला हा खुलासा असमाधानकारक वाटला. उपांत्य फेरीत तिच्या प्रतीवर अकरा खुणा होत्या, पहिल्या फेरीत तर पान लालच झाले होते. तिने ते उघडलेच नाही. नोटिसा तीन झाल्या.

चौथ्या दिवशी साडेतीन वाजता पेंढरकर कोरा अर्ज घेऊन तिच्या घरी आले.

"सही करा, ताई. सही केली की तुम्ही स्पर्धक झालात, म्हणजे रीतसर उत्तेजनार्थ. मग नोटिसा मी मागे घेतो."

"आणि नाही केली तर?"

"तर तुम्ही स्पर्धेत नव्हताच. प्रमाणपत्र परत घ्यावं लागेल."

"मग तीन दिवस मी वाजवलं, त्याचं काय?"

पेंढरकरांनी नियमावली पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. "ते कुणीच वाजवलं नाही असं होईल."

नऊ वर्षांची मेहनत कुणाचीच नाही ठरणार होती, नाहीतर उत्तेजनार्थ. तिला रडू आले, आणि रडू आल्याचा आणखी संताप आला. ती घड्याळाकडे बघत बसून राहिली. पेंढरकरांनी दोनदा पेन पुढे केले. चार वाजले.

ती उठली, भिंतीवरचे प्रमाणपत्र काढले आणि त्यांच्या हातात दिले. पेंढरकरांनी तिथेच इतिवृत्त लिहून वाचून दाखवले, "तिन्ही फेऱ्यांत एका अनोळखी बाईने पियानो वाजवला. अर्ज नसल्याने दखल घेतली नाही." त्यांनी खाली शिक्का मारला.

दारात चपला घालताना ते घुटमळले. इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"ताई, तुम्ही नव्हता ना स्पर्धेत, म्हणून सांगतो. काय वाजवलं हो त्या बाईने! पहिलं बक्षीस तिचंच होतं. पण अर्जच केला नाही तिने."

"करणारही नाही," इरावती म्हणाली आणि तिने दार लावून घेतले.