शेळी आवडणारे तिघे

बालवर्गाच्या ताईंनी मोजणी आणि आलेख शिकवायला एका मोठ्या कागदावर तळाशी ओळीने चार प्राणी काढले: हत्ती, ससा, कासव आणि शेळी. प्रत्येकाने आपल्या आवडत्या प्राण्याच्या डोक्यावर एक स्टिकर लावायचा, मग रांगा मोजायच्या. पहिल्या मुलीने हत्ती निवडला आणि उरलेल्या अठरा जणांनी तिचीच री ओढली. हत्तीची रांग कागद संपवून भिंतीवर चढली. बाकीचे प्राणी बिचारे बोडकेच राहिले.

नेमक्या दुसऱ्या दिवशी तपासणीच्या बाई यायच्या होत्या. भिंतीवर बघण्यासारखं काहीतरी असू द्या, असं मुख्याध्यापिकांनी दोनदा बजावलं होतं. एका रांगेचा कसला आलेख, असं ताईंच्या मनाने घेतलं. आणि चार वर्षांच्या पोरांना काय आठवतंय? वर्ग सुटल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं आणि नखाने बारा स्टिकर उकलले. सात हत्तीला ठेवले. पाच सशाला, चार कासवाला, तीन शेळीला दिले. लांबून पाहिलं, तर आलेख अगदी पुस्तकातल्यासारखा दिसत होता.

तपासणीच्या बाई मुलांच्या इवल्या खुर्चीत कशाबशा मावल्या. मुलांनी घसा ताणून रांगा मोजून दाखवल्या. मुख्याध्यापिकासुद्धा हसल्या. मग बाईंनी कौतुकाने विचारलं, "शेळी आवडणारे तिघे कोण? उभे राहा बघू."

कुणीच हललं नाही.

"शेळी कुणालाच नाही आवडत," पहिल्या मुलीने सांगितलं. "आम्ही सगळ्यांनी हत्तीच लावला होता."

मुख्याध्यापिकांनी ताईंकडे पाहिलं. ताईंचे कान तापले, ओठ थरथरायला लागले. ते त्या मुलीने नेमकं टिपलं. ती जरा थांबली आणि हळूच उभी राहिली. "मला आवडते शेळी," ती म्हणाली. तिच्या शेजारचा उठला, मग मागची जोडी, आणि बघता बघता अख्खा वर्ग शेळीसाठी उभा.

"एकोणीस," बाईंनी मोजलं. "कागदावर तर तीनच आहेत."

आता मात्र ताईंना राहवेना. पोरं आपल्यापायी खोटं बोलतायत, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. "मीच हलवले, बाई," त्या खालमानेने म्हणाल्या. "एकच रांग बरी दिसत नव्हती."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, की मग मुलांनाच पुन्हा लावू द्या. ताईंनी सगळ्यांदेखत एकेक स्टिकर सोलून काढला. मुलांनी रांग धरली. पहिल्या मुलीने शेळीला लावला. दुसऱ्यानेही शेळीलाच. लावून झालं की प्रत्येक जण वळून ताईंचा चेहरा बघे आणि जागेवर जाई. शेळीची रांग कागद ओलांडून भिंतीवर चढली, तेव्हा ताईंना वर बघवेना.

पहिल्या मुलीने येऊन त्यांचा पदर ओढला आणि कानात विचारलं, "ताई, आता झालं ना तुमच्या मनासारखं?"