जोजो एसेलच्या मयताची गर्दी

मयताच्या पानावर एकही मेणबत्ती नव्हती, म्हणून फिफीला वाटलं की पान खोटं आहे. चूक झाली ती एवढीच. पुढचं सगळं रामायण त्या चुकीतून झालं.

फिफी घानातल्या टाकोराडी शहरात एका कचेरीत कामाला होता. परदेशी गेलेल्या नातेवाइकांना इकडचं मयत तिथे बसून बघता यावं, मेणबत्ती पेटवता यावी, शोकाच्या दोन ओळी लिहिता याव्यात, म्हणून ही कचेरी एक वेबसाइट चालवायची. पुढच्या आठवड्यात एका बड्या सरदाराचं मयत होतं. लंडनपासून टोरांटोपर्यंतची माणसं एकाच वेळी तुटून पडणार होती. त्या गर्दीत साइट आडवी झाली असती, तर कचेरीच्या मालकीण मॅडम सेलासींनी फिफीलाही आडवा केला असता. म्हणून साइट किती भार पेलते हे आधीच बघायला त्यानं हजारो खोटे पाहुणे बनवले. ते होते नुसता प्रोग्राम. पान उघडायचं, मेणबत्ती पेटवायची, ठरलेल्या संदेशांपैकी एक लिहायचा आणि वाटेला लागायचं, एवढंच त्यांचं काम.

असले पाहुणे कुणाच्या खऱ्या दुःखात सोडायचे नसतात, एवढी अक्कल फिफीला होती. त्यानं नमुन्याचं, खोट्या माणसाचं पान शोधलं. नाव जोजो एसेल, एका म्हाताऱ्याचा फोटो, मेणबत्त्या शून्य, संदेश शून्य. आमच्याकडे शेजारच्याच्या मामाचा मित्र वारला तरी माणसं काळे कपडे इस्त्री करायला टाकतात. माणूस गेला आणि कुणी विचारलंच नाही, असं कसं होईल? फिफीनं बिनधास्त पाहुणे सोडले. साइट जराही डगमगली नाही. खूश होऊन तो केंकीचे मक्याचे गोळे आणि तळलेली मासळी खायला गेला.

परत आला तेव्हा मॅडमसमोर काळ्या कपड्यातली एक बाई बसली होती. तिला कोण ओळखत नव्हतं! ती आराबा, पैसे घेऊन मयताला रडणारी. ज्या घरच्यांना स्वतःला रडू यायचं नाही, ते तिला बोलावून घ्यायचे.

"हाच का तो पोरगा?" तिनं फिफीचे दोन्ही हात धरले. "देव तुझं भलं करो रे बाळा! माझ्या जोजोला वीस हजार माणसं भेटून गेली!"

मॅडमनी फिफीकडे पाहिलं. फिफीनं जमिनीकडे पाहिलं.

"मावशी, म्हणजे जोजो खरे होते?"

"खरे म्हणजे? माझा सख्खा भाऊ तो! दोन महिने झाले जाऊन, शवागारात आहे. या शनिवारी पुरायचाय." ती डोळे न पुसताच बोलत होती, कारण ते कोरडे होते. "जन्मभर गाडीतळावर 'केप कोस्ट, केप कोस्ट' ओरडला आणि माणसं गाडीत भरली. बायको नाही, पोर नाही. आमचे कुळप्रमुख म्हणाले, याच्या मयताला कोण येणार? मंडप नको, बँड नको, सकाळी सकाळी उरकून टाका. आता म्हणावं, बघा!"

"मावशी, ते संदेश वाचलेत का तुम्ही?" मॅडमनी हळूच विचारलं.

"वाचले की. सगळ्यांनी एकसारखंच लिहिलंय. चांगल्या घरची माणसं असली की असंच लिहितात. एक जण तर नुसतं 'आ आ आ आ' करून गेलाय, पानभर. बिचाऱ्याला शब्दच सुचले नाहीत."

तो संदेश साइट किती लांब मजकूर पोटात घेते हे बघण्यासाठी होता.

बाई उठून गेल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "जा, आत्ताच्या आत्ता सांगून ये."

फिफी धावत खाली गेला. खाली कुळप्रमुख अंकोमा प्लास्टिकच्या खुर्च्यांनी भरलेल्या गाडीजवळ उभे होते. "अरे ये, ये! मंडप दुप्पट केलाय. बँड सांगितलाय. जोजो मोठा माणूस होता, हे मी पहिल्यापासून म्हणत आलोय."

"काका, त्या पाहुण्यांचं जरा सांगायचं होतं..."

"जेवणाचंच ना? त्याचीच मला काळजी आहे."

"नाही, ते जेवत नाहीत."

"मग तर सोन्याहून पिवळं!" म्हणत अंकोमा गाडीत बसले. मागच्या खुर्च्यांवर आराबा बसली होती आणि लहान पोरीसारखी हात हलवत होती. फिफीनंही हात हलवला.

शनिवारी मंडप केवढा तरी दिसत होता. त्यात घरचे काही लोक होते, एक शेजारीण होती आणि गाडीतळावरचे दोन ड्रायव्हर होते. त्यांच्या गाड्या भरत आल्या म्हणून ते लवकर निघून गेले. बाकी नुसत्या खुर्च्या. बँड मात्र जीव तोडून वाजवत होता.

"कुठाय तुझी गर्दी?" अंकोमा शवपेटीजवळच आराबावर ओरडले. "साऱ्या गावात माझं नाक कापलंस! जिवंतपणी ज्याला कुणी विचारलं नाही, त्याला मेल्यावर कोण विचारणार?"

आराबा भावाच्या डोक्याशी नुसती उभी राहिली. मयत साइटवर दाखवायला कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या फिफीला ते बघवेना. तो तिच्याजवळ गेला.

"मावशी, ती माणसं खरी नव्हती. मी बनवली होती. एवढं रिकामं पान खरं असेल, असं मला वाटलंच नाही."

ती म्हणाली, "म्हणजे भाड्याची?"

"भाड्याचीसुद्धा नाहीत. माणसंच नाहीत ती."

"त्याचं नाव तरी घेतलं ना त्यांनी?"

"घेतलं."

"मग माझ्यासारखीच झाली. मी तरी दुसरं काय केलं, लेका? ज्यांचं तोंड कधी पाहिलं नाही, त्यांच्यासाठी छाती पिटून घेतली. आज सख्खा भाऊ समोर आहे आणि एक टिपूस येत नाही बघ. सगळं लोकांच्या दारात सांडून बसले." तिनं रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. "बोलाव त्यांना. एकटा जायला नको तो."

फिफीनं लॅपटॉप उघडला आणि पाहुणे सोडले. पडद्यावरचा आकडा भराभर चढायला लागला. अंकोमांनी तो पाहिला आणि माइक ओढून घेतला. "सातासमुद्रापलीकडून आलेल्या माझ्या बंधूंनो!" असं ते खुर्च्यांना म्हणाले, आणि भाषणात पार रंगून गेले.

फिफीला फार वाईट वाटत होतं. या म्हाताऱ्यासाठी एक तरी ओळ खऱ्या माणसाची असावी, म्हणून त्यानं खिशातून फोन काढला आणि ते पान उघडलं. पान उघडेना. तेवढ्यात मॅडमचा फोन आला. "अरे, साइट झोपली! कॅमेऱ्याचं चित्र चालू असताना तिला एवढा भार पेलत नाही. बरं झालं, सरदाराच्या आधी कळलं!"

फिफीनं पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. दर वेळी एकच उत्तर यायचं: सध्या फार गर्दी आहे, कृपया थोड्या वेळानं या. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"तुला काय झालं रे?" आराबानं विचारलं.

"मावशी, मला आत जाता येत नाहीये. फार गर्दी झालीय."

"कुणाकडे? आमच्या जोजोकडे?"

"हो. उभं राहायलासुद्धा जागा नाही."

आराबानं शवपेटीवर हात ठेवला. "ऐकलंस का रे, जोजो? जागा नाही म्हणतोय हा," असं ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. बँडवाल्यांनी आजवर कितीतरी मयतांत तिचं रडणं ऐकलं होतं. त्या दिवशी मात्र त्यांचं वाजवणं आपोआप थांबलं.