पातेल्यात मावेनात सासऱ्याचे हॉप्स

"यंदा बिअर विकत आणायची नाही!" वेंडेलने टेबलावर मूठ आपटली. "मी करतो. घरी. दाण्यापासून!"

मॉक्सी गावात असलं वाक्य बोलायला छाती लागते. इथे नजर टाकाल तिकडे हॉप्सचे, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या हिरव्या बोंडांचे, वेल तारांवर चढलेले. ऑगस्ट संपला की गावातल्या कुत्र्यांच्या अंगालासुद्धा कडू वास येतो! अशा गावातल्या सगळ्यात जुन्या हॉप्सवाल्याच्या, थिओफिल बुशेच्या, घरी जेवायला बसून वेंडेल हे बोलला होता.

वेंडेल हा थिओचा जावई. विम्याच्या ऑफिसात बसणारा, नखं स्वच्छ असणारा! एवढ्या वर्षांत म्हाताऱ्याने त्याच्या हाती ट्रॅक्टरची किल्लीसुद्धा दिली नव्हती. दरवर्षी तोडणी संपली की हॉप्स वाळवायच्या भट्टीच्या अंगणात सगळ्या माणसांचं जेवण असे. त्यात वेंडेलकडे एकच खातं होतं. जेवणाआधी खुर्च्या मांडायच्या आणि जेवणानंतर त्याच खुर्च्या उचलायच्या.

थिओ घास चावायचा थांबला. "दाण्यापासून?"

"दाण्यापासून! बार्ली दळायची, गरम पाण्यात मुरवायची, गोड पाणी काढायचं आणि तुमचे हॉप्स घालून उकळायचं. अस्सल आपली सोनेरी, कडसर पेल एल बिअर!"

"आणि बिघडली तर? तोडणीची माणसं माझ्या अंगणात कोरड्या घशाने बसवू?"

"आणि जमली तर?"

नव्या जातीची कीड न्याहाळावी तसा म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. "जमली तर माझ्या शेजारी बसशील. खुर्च्या दुसरं कोणी मांडेल."

घरी येताना गाडीत त्याची बायको आर्लीन म्हणाली, "वेंडेल, तुला कॉफी करता येत नाही."

"कॉफीचं वेगळं आहे. कॉफीत शास्त्र नसतं."

शास्त्र शेजारच्या मर्लकडे होतं. मर्ल आयुष्यभर गॅरेजमध्ये बिअर करत आला होता, आणि लोकांना शिंक येते तसा त्याला सल्ला येई. त्याने वेंडेलला दाणे दळायची गिरणी दिली, तोटी बसवलेला मोठा आइस बॉक्स दिला, आणि वर सल्लाही दिला. "तोडणीच्या दिवसांत मी हॉप्स वेलीवरून काढतो ते सरळ पातेल्यात. तीन पौंड घाल, डोळे मिटून!"

वेंडेलने हे पाठ केलं. नेमकं 'वेलीवरून' तेवढं वाऱ्यावर उडून गेलं असावं, कारण डोक्यात उरलं ते फक्त 'तीन पौंड' आणि 'डोळे मिटून'.

शनिवारी सकाळी आर्लीन बाजारात गेली आणि स्वयंपाकघर शास्त्राच्या ताब्यात आलं. गिरणीला ड्रिल मशीन लावून वेंडेलने बार्ली दळली. दाणे नुसते फुटायला हवे होते, पाणी गाळून निघावं म्हणून टरफल शाबूत राहायला हवं होतं. पण वेंडेल कामाला पक्का! त्याने चक्क पीठ पाडलं, तेही असं की बाळाला पावडर म्हणून लावावं. आइस बॉक्समध्ये गरम पाणी ओतलं, पीठ ढवळलं, तासाभराने ऐटीत तोटी फिरवली.

टिप. टिप. मग तेही नाही!

"मर्ल! पाणी येत नाहीये!"

मर्ल येऊन आत डोकावला. "ही लापशी कोणी केली?"

"ही बिअर आहे."

"ही भिंतीला लावायची खळ आहे, बाबा. काळजी नको, फुंकून मोकळं करू." मर्लने तोटीची नळी तोंडात धरली, गाल फुगवले आणि फुंकला. सगळे जुने बिअरवाले असंच करतात, त्यात वावगं काही नाही. फक्त अशा वेळी दुसऱ्याने आत वाकून बघायचं नसतं!

आइस बॉक्सने पोटातून एक आवाज काढला आणि लापशीचा खांब छपरापर्यंत गेला. वाटेत वेंडेलचं तोंड होतं. परत येताना लापशीला मर्लची दाढी सापडली.

"मोकळं झालं," मर्ल दाढी निथळत म्हणाला. खरंच झालं होतं. सोनेरी गोड पाणी झुळूझुळू पातेल्यात पडू लागलं. "मी आंघोळ करून येतो. तोवर उकळ आणि हॉप्स घाल."

हॉप्स थिओने पाठवले होते, चांगलं फुगलेलं पोतं! आणि ते होते भट्टीतून काढलेले, खडखडीत वाळलेले. आता मॉक्सीतलं शेंबडं पोरही सांगेल की वेलीवरचं बोंड पाण्याने जड असतं आणि भट्टीतलं बोंड कापसासारखं हलकं. ओल्याच्या तीन पौंडांऐवजी वाळलेले अर्धा पौंडच पुरे! पण गावातलं कुठलंच शेंबडं पोर त्या वेळी वेंडेलच्या स्वयंपाकघरात नव्हतं.

त्याने तराजूवर टोपलं ठेवलं. काटा हलेना. आणखी ओतले. काटा जांभई देऊन परत झोपला. "केवढे हलके हॉप्स धाडलेत म्हाताऱ्याने!" वेंडेल चरफडला. "मुद्दाम! माझी फजिती करायला!" शेवटी अख्खं पोतं रिकामं झालं तेव्हा कुठे तीन पौंड भरले.

ते पातेल्यात मावेनात. वेंडेलने लाटण्याने दाबले. एकीकडे दाबले की दुसरीकडून डोकं वर काढत. तो पातेल्यात गादी भरत होता म्हणा ना! मग गादीखालून उकळी आली. हिरवा फेस कडेवरून उतरला, शेगडीवर गेला, तिथून जमिनीवर, आणि दारातून आत येणाऱ्या आर्लीनच्या चपलेपर्यंत पोहोचला.

"वेंडेल," ती अगदी शांतपणे म्हणाली. आर्लीन शांत झाली की शेजारी खिडक्या लावून घेतात. "छताला काय चिकटलंय?"

"नाश्ता," वेंडेलच्या तोंडून निघून गेलं.

तेवढ्यात स्वच्छ दाढीचा मर्ल आला. पातेल्यात बघून त्याने टोपी काढली, मयताला काढतात तशी. "हे वाळलेले आहेत."

"मग?"

"मग तुझी बिअर त्यांनी पिऊन टाकली."

खरंच! पातेल्यात पाण्याचा थेंब दिसत नव्हता. नुसता हिरवा, फुगलेला, तृप्त ढिगारा! अंगणात जमणारी सगळी माणसं वेंडेलच्या डोळ्यांपुढे आली, कोरड्या घशाची. मधोमध थिओ. आणि बाजूला खुर्च्यांची थप्पी.

"पिळू या!" तो ओरडला.

चादरीत बांधून दोघांनी पिळलं, हात पोळले. आर्लीन कंबरेवर हात ठेवून बघत होती. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "कपडे पिळायचं मशीन कशाला घेतलंय मग?"

ती टोमणा मारत होती. पण मर्लचे डोळे लकाकले! त्याने आधी उकळतं पाणी घालून मशीन रिकामंच फिरवलं. "स्वच्छता! बिअरमध्ये पहिली स्वच्छता!" असं म्हणत तो छतावरून ठिबकणारी लापशी चुकवत होता. मग गाठोडं मशीनमध्ये टाकलं, सांडपाण्याची नळी बादलीत धरली आणि बटण दाबलं. मशीन थरथरलं, नाचलं, भिंतीपर्यंत चालत गेलं. वेंडेल त्याच्यावर पालथा पडून राहिला. आणि नळीतून गडद, फेसाळ धार लागली!

बादली भरली. यीस्ट पडलं, बुडबुडे आले, दिवसांमागून दिवस गेले. वेंडेलने पहिला घोट चाखला आणि त्याचे कान मागे गेले. जीभ दुपारपर्यंत कामावर आली नाही.

"कशी आहे?" आर्लीनने विचारलं.

"थ... थोडी ठाम आहे."

जेवणाच्या दिवशी वेंडेलने नेहमीप्रमाणे खुर्च्या मांडल्या, उगाच नंतर धावपळ नको म्हणून. पेले भरले गेले. थिओने पेला उचलला, वास घेतला, आणि एका दमात रिकामा केला! म्हाताऱ्याच्या मानेची शीर ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं. वेंडेल खुर्चीचा आधार शोधू लागला.

"किती घातलेस?" थिओने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"पो... पोतं."

"अख्खं?"

"अख्खं."

म्हाताऱ्याने त्याला मिठी मारली! "ऐका रे! जन्मभर मी हॉप्स पिकवतो, आणि हे बिअरवाले त्यातली चिमूट घालतात, चिमूट! हा पहिला माणूस, ज्याने माझा माल हात न आखडता वापरला! सगळ्यांनी असा वापरला तर मला आणखी रान लागेल! बस इथे, माझ्या शेजारी!"

वेंडेल बसला. ऊर भरून आला. आर्लीनकडे त्याने एक नजर टाकली, तीही ऐटीत.

"आता ट्रकमधली माझी पेटी काढा," थिओने फर्मावलं. थंडगार, पातळ, पिवळ्या बिअरचे डबे आले आणि भराभरा हातोहात वाटले गेले. अंगणाने सुटकेचा श्वास सोडला.

"पण... त्यात तर हॉप्स नसतातच!" वेंडेल चक्रावला.

"नसतात म्हणून तर पितो!" थिओने डबा फोडला. "दिवसभर नाकातोंडात हॉप्स, रात्री परत पेल्यात कशाला?"

वेंडेलने हळूच एका डब्याकडे हात सरकवला. थिओने तो प्रेमाने बाजूला सारला आणि बादली त्याच्यापुढे ओढली.

"तू कशाला असलं पाणी पितोस, बाळा? तुझी आहे की तुझ्याकडे!"