हिंमतराव पैलवानाचा चिटणीस

कडूबा उस्तादांच्या पत्राला मी तीन महिने उत्तर दिलं नाही. खरं सांगतो, वेळच नव्हता! मी प्रसिद्ध होण्यात गुंतलो होतो!

म्हणजे प्रसिद्ध झाला होता हिंमतराव. जानेफळला कडूबा उस्तादांच्या आखाड्यात तयार झालेला हा गडी नांदुऱ्यात आला, लागोपाठ कुस्तीच्या दोन दंगली जिंकला आणि साऱ्या गावाचा जावई झाला! हॉटेल उघडायचं, बोलवा हिंमतरावला! बारसं आहे, बोलवा हिंमतरावला! बाया लेकरं आणून त्याच्या दंडाला लावून घेत. त्याला वाचता येत नसे, म्हणून आलेली पत्रं घेऊन तो वाचनालयात माझ्याकडे येई. मी तिथला ग्रंथपाल, अठ्ठावन्न वर्षांचा, वजन कोट-चष्म्यासकट सव्वा मण. कोणी नुसतं पुस्तक मागितलं तरी मला घाम फुटतो. पण 'पैलवानाचे चिटणीस' म्हणून लोक मला रामराम घालू लागले, न्हावी माझा नंबर आधी लावू लागला आणि माझी मान जी ताठ झाली, ती झोपेतही वाकेना!

अशात उस्तादांचं पत्र आलं. 'मास्तर, पोरानं मेहनत सोडली असं ऐकतो. असंच चाललं तं वर्षभरात पैलवान जाईन अन् नुसतं नाव उरंन. तुमचं ऐकते थो. त्याले वापस धाडा.'

बरोबर होतं त्यांचं! हिंमतराव जोर काढायचे सोडून आरशापुढे भांग काढू लागला होता. पण तो गेला तर मला रामराम कोण घालणार? पत्र मी शब्दकोशात दडपलं.

पुढची दंगल नांदुऱ्यातच होती. त्याच दिवशी सकाळी हिंमतराव अकोल्याला निघाला. तिथले शेषराव वैद्य 'गजबल काढा' विकत, आणि बाटलीवर त्यांना याचा फोटो हवा होता.

"अरे, चार वाजता कुस्ती आहे!"

"दुपारच्या गाडीनं येतो ना वापस! फोटोले काय मेहनत लागते, मास्तर? उभंच तं राहायचं हाय!"

चार वाजले. साडेचार झाले. मैदानात मुंगीला जागा नाही, कुस्तीच्या हौद्यात खामगावचा अर्जुनराव पैलवान कडब्याच्या गंजीसारखा उभा, आणि हिंमतराव बेपत्ता! हलगी वाजवणाऱ्याचे हात दुखायला आले. पंच ओरडले, "चिटणीस कुठं हाय? सांगा ना लोकायले काही!"

मी हौद्यात उतरलो. शिष्टाचाराच्या एका पुस्तकात नुकतंच वाचलं होतं, की परक्या माणसाशी आधी हात मिळवावा, मग बोलावं. मी अर्जुनरावापुढे गेलो, हसलो आणि हात पुढे केला. त्यानं गोंधळून तो धरला.

हलगी कडाडली! सारं मैदान उठून उभं राहिलं!

"जोड लागली! जोड लागली!"

हौद्यात हात मिळवला की कुस्ती ठरली, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही कळतं. माझ्या पुस्तकात नव्हतं हो ते!

"अहो, मी फक्त सांगायला आलो..."

"कोट काढा, मास्तर!" गर्दी गरजली.

अर्जुनरावच माझ्याहून जास्त घाबरला. "काऊन मजाक करून राह्यले बे? आज्याच्या वयाचा मानूस हाय! बरगडी मोडली तं मी काय करू?"

"हात धरला ना तुनं?" पंच म्हणाले. "मंग लढ!"

मी पळालो! अर्जुनराव मागे. "थांबा ना, आजा! हळूच पाडतो!" हौद्याला तीन फेऱ्या झाल्या.

"दमवून राह्यला त्याले!" लोक नाचू लागले. "वा रे चिटणीस! काय डाव काढला!"

चौथ्या फेरीत माझा श्वास संपला आणि मी आपण होऊन उताणा झालो. अर्जुनरावानं माझ्या छातीवर एक बोट टेकवलं. चितपट!

तेवढ्यात हिंमतराव धावत आला. रेशमी फेटा, अंगाला अत्तर! शेगावच्या स्टेशनावर लोकांनी हार घालायला त्याला खाली उतरवलं होतं, आणि गाडी निघून गेली होती. आता मात्र त्याच्याकडे कोणी बघेना. सगळे माझं नाव घेत होते!

त्यानं मला उठवून बसवलं. डोळे भरले होते त्याचे. "माती तुमच्या आंगाले लागली, मास्तर, अन् फोटो माहा! आता मी कोनत्या तोंडानं हिंडू?"

आता तरी बोलायला हवं होतं. "हिंमतराव, उस्तादांचं पत्र आलं होतं. तुला परत बोलावलंय त्यांनी. दोन महिने मी लपवलं."

त्यानं फेटा काढून माझ्या मांडीवर ठेवला, हौद्यातली मूठभर माती कपाळाला लावली आणि तसाच जानेफळच्या वाटेला लागला.

मीही उठणार, तोच त्याच्याबरोबर फोटोवाल्याला घेऊन आलेले शेषराव वैद्य ओरडले, "हलू नका! तसेच बसा! 'काढा घेण्यापूर्वी'साठी असाच मानूस मी वर्षभर शोधून राह्यलो!"

आणि काय सांगू तुम्हाला, मी हललो नाही!

महिन्याभरात त्या बाटल्या साऱ्या वऱ्हाड-मध्यप्रांतात पोचल्या. उजवीकडे हिंमतराव, डावीकडे मी. मग मात्र मी पाच कागद फाडून उत्तर लिहिलं: 'उस्ताद, उशिराबद्दल क्षमा असावी. पोरगा आपणाकडे पोचला असेलच. त्याच्याकडून दुप्पट मेहनत करून घ्यावी. बाटलीवर त्याच्या शेजारी कोण आहे असं आखाड्यात कोणी विचारलं, तर ओळखत नाही म्हणून सांगावं.'

पाकीट घेऊन पोस्टात गेलो. खिडकीतल्या किसनरावांनी त्यावर शिक्का हाणला, ते थैलीत टाकलं आणि चष्मा वर करून मला आपादमस्तक न्याहाळलं.

"मास्तर," ते काळजीनं म्हणाले, "काढा अजून सुरू नाही केला काय?"